खडूची फुली

आमच्या घरमालकांच्या खिशात पेन नसे, खडू असे. शाळेतला, पांढरा, झिजून अर्धा झालेला. निवृत्त होईपर्यंत ते झाशीच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात इंजिनिअर होते. तिथे ट्रान्सफॉर्मर तयार होत. तयार मालात दोष दिसला की त्या जागी फुली मारायची आणि माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. दोष नसेल तर बरोबरची खूण करायची अशीही पद्धत होती. पण ती खूण त्यांच्या हातून झालेली कुणाला आठवत नाही, असं त्यांचे जुने सहकारी सांगत.

निवृत्तीनंतर कारखाना सुटला, खडू सुटला नाही. सीपरी बाजारातल्या त्यांच्या फाटकापाशी कुणी वाहन लावलं की त्यावर फुली उमटे. दूधवाल्याच्या मोटरसायकलच्या साखळीवर, गॅसच्या टेम्पोच्या फळीवर, पाहुण्यांच्या मोटारीच्या आरशावर. जिथे फुली तिथे दोष. विचारलं तर काय बिघडलंय ते सांगत. न विचारता सांगत नसत. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. माझ्या स्कूटरवर इतक्या फुल्या असत की ऑफिसचा चौकीदार तिला कुठल्याशा पंथाची स्कूटर समजत असे.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो आणि आठवड्यातून एकदा मोटारींचं पान काढत होतो. ज्या गाड्यांबद्दल लिहायचो त्या झाशीत मिळत नव्हत्या, आणि मी त्या पाहिलेल्याही नव्हत्या. कंपन्यांची पत्रकं येत, मी त्यांचं हिंदी करी. 'मोड़ पर पकड़ लाजवाब है' हे वाक्य मी अनेक गाड्यांसाठी वापरलं. ते लिहिताना माझ्या हाताशी वळणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे ऑफिसातली चाकांची खुर्ची. घरमालकांना मी काका म्हणायचो; ते मला 'संपादक' म्हणत. मी उपसंपादक आहे, हे मी सुरुवातीला सांगून पाहिलं. मग सोडून दिलं, कारण ऐकायला बरं वाटत होतं.

काकांना वेड होतं ते स्पोर्ट्स कारचं. स्वतः ते जुनी स्कूटर चालवत, तीही सायकलवाले ओव्हरटेक करतील अशा वेगाने. पण जगात कुठेही नवी वेगवान गाडी येणार असली की तिचे फोटो, नकाशे, कापून दाखवलेली इंजिनं, सगळं त्यांच्याकडे असे. मी एकदा विचारलं, "काका, एवढा वेगाचा शौक, आणि स्कूटर अशी?"

"वेगाचा शौक नाही हो," ते म्हणाले. "थांबल्यावर काय होतं त्याचा आहे. पळताना कुठलीही गाडी थंड राहते. मे महिन्यात सीपरीच्या पुलाजवळ जाममध्ये उभी करा. मग बोलू."

पुलाजवळचा हा जाम त्यांची प्रयोगशाळा होती. मोठमोठ्या इटालियन गाड्या त्यांनी मनातल्या मनात तिथे आणून, ई-रिक्षांच्या मध्ये उभ्या करून, उकळवून परत पाठवल्या होत्या.

असे वेडे आम्ही बरेच जण होतो आणि आमचा 'गती' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. झाशी आणि जवळच्या बबिना छावणीतली मराठी माणसं: कारखान्यातली, फौजेतली, काही इथलीच जुनी. फौजवाल्यांची बदली होई, पण ग्रुप कुणी सोडत नसे. बबिन्याचे सुभेदार साहेब आता ईशान्येला होते आणि तिथून हेडलाइटबद्दल मतं पाठवत. बडा बाजारातल्या कापड दुकानाचा बंटी पिढ्यान्‌पिढ्या झाशीकर. त्याला मराठी सगळी कळे, पण बोलायची वेळ आली की तो हिंदीत शिरे. कुठल्याही गाडीवर सगळ्यांचं बोलून झालं की काकांच्या निकालाची वाट पाहिली जाई. निकाल ठरलेला असे. उत्सुकता फक्त फुली कुठे पडते याची.

आमच्या धंद्यात मुख्य गोष्ट पहिल्याच परिच्छेदात सांगतात. इथे तिला उशीर झाला आहे, पण आता सांगून टाकतो. काकांची एकुलती मुलगी सई पुण्यात एका मोटार कंपनीच्या डिझाइन विभागात होती. ज्या येऊ घातलेल्या स्पोर्ट्स कारवरून आमच्या ग्रुपमध्ये वर्षभराहून जास्त काळ भांडणं चालली, तिची मागची जाळी, म्हणजे इंजिनाची गरम हवा बाहेर सोडणारी पट्ट्यांची चौकट, सईने काढलेली होती. हे घरीसुद्धा सांगायची तिला मनाई होती. काकांनी पहिला फोटो पाहताच ते ओळखलं. विचारायची मनाई त्यांनी स्वतःच स्वतःला केली, कारण 'फाटकाच्या आतलं फाटकाच्या आत' हा कारखान्याचा नियम त्यांनीच तिला लहानपणापासून ऐकवला होता. म्हणजे जन्मभर कुणाचं काम पास न केलेल्या माणसापुढे आता पोटच्या पोरीचं काम तपासायला आलं होतं, आणि तिला त्याबद्दल काही सांगायचं तर आमच्या ग्रुपखेरीज जागा नव्हती. मी रोज त्यांच्याकडे चहा पीत होतो, मोटारींचं पान काढत होतो, आणि यातलं मला काही कळलं नाही.

तो पहिला फोटो सुभेदार साहेबांनी टाकला होता. कुठल्याशा घाटात कुणीतरी चोरून काढलेला. गाडीवर ओळखू येऊ नये म्हणून काळ्या-पांढऱ्या नक्षीचे स्टिकर. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असणार हे उघड होतं. ग्रुप पेटला.

"नाक चपटं आहे," सुभेदार साहेबांनी लिहिलं. "आणि गिअर हाताने टाकायचा नसेल तर मला दाखवू पण नका."

"दादा, एकदम क़ातिल है," बंटी.

मी एक लांबलचक मजकूर लिहिला. त्यात 'झेप घेण्याच्या तयारीतलं श्वापद' असे शब्द होते. तसं श्वापद मी पाहिलेलं नव्हतं, पण आधीच्या एका पत्रकात ते होतं.

काकांनी संध्याकाळपर्यंत काही लिहिलं नाही. मग तोच फोटो परत आला. मागच्या जाळीवर फुली होती. खाली एक ओळ: 'पट्ट्या खाली झुकलेल्या आहेत. थांबल्यावर गरम हवा वर जाते. वर वाट नाही.'

मी चहाला खाली गेलो तो वाद घालायच्या तयारीनेच. "काका, पट्ट्या खाली झुकवल्यात त्या डाउनफोर्ससाठी."

"डाउनफोर्स म्हणजे?"

"गाडी जमिनीला चिकटून राहते."

"कशाने चिकटते?"

"हवेने."

"कुठल्या हवेने?"

"वाहत्या."

"आणि पुलाजवळ जाममध्ये कुठली हवा वाहते?"

मी चहा प्यायलो. समोर काचेचं कपाट होतं. त्यात सईच्या शाळेतल्या ढाली, एक शिंपल्यांचा गणपती, आणि तिने विज्ञान प्रदर्शनासाठी केलेलं ट्रान्सफॉर्मरचं पत्र्याचं मॉडेल. मॉडेलच्या थंड करायच्या पट्ट्या सरळ नव्हत्या, तिरप्या होत्या. सरळ लावल्या तर कवायतीला उभं केल्यासारख्या दिसतात, असं तिचं म्हणणं होतं. शेवटची पट्टी इतरांपेक्षा आखूड होती, कारण पत्रा संपला होता. ती तशीच छान दिसते म्हणून तिने बदलली नव्हती. त्या पट्टीवर काकांनी तेव्हा मारलेली फुली अजून होती. ही सगळी हकीकत काकूंनी मला कितीदा तरी सांगितली होती. आणि माझ्या हातातल्या फोनवर, घाटातल्या त्या गाडीच्या जाळीतली शेवटची पट्टी आखूड होती. मी दोन्हींच्या मध्ये बसून डाउनफोर्स समजावत होतो.

पुढच्या रविवारी प्रयोग झाला. मे महिना, भर दुपार, मागचं अंगण. काकांनी मागच्या भिंतीवर खडूने गाडीचा मागचा भाग पूर्ण आकारात काढला. त्यासमोर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली जाळी, आणि जाळीच्या आत इंजिन म्हणून काकूंची इस्त्री. वारा यायला नको म्हणून तिन्ही बाजूंनी चादरी. माझ्याकडे उदबत्त्या होत्या. धूर कुठे जातो ते बघायचं होतं. धूर वर जाऊन चादरीखाली कोंडला आणि मग माझ्या तोंडावर आला.

"बघा," काका म्हणाले.

"दिसत नाहीये," मी खोकत म्हणालो.

"तेच सांगतोय. वाट नाही."

काकू दारात आल्या. "माझी इस्त्री कुठे आहे?"

"इंजिनात," मी सांगितलं.

व्हिडिओ ग्रुपवर गेला. त्यात काकांचा फक्त आवाज आहे, आणि चित्रात घामाने निथळणारा मी, हातात उदबत्त्या घेऊन, एखाद्या गाडीची पूजा सांगायला आलेल्या गुरुजींसारखा. सुभेदार साहेबांनी तो आपल्या युनिटमध्ये दाखवला. सई ग्रुपमध्ये होती, पण कधी बोलत नसे. त्या दिवशी तिने एकच ओळ लिहिली: 'बाबा, इस्त्री कितीवर ठेवली होती?'

मला वाटलं तिला आईच्या इस्त्रीची काळजी आहे. मी उत्तर दिलं, 'काळजी नको, चालू आहे.' काकांनी खाली लिहिलं, 'सुती कपड्यांवर.' तिने वर केलेला अंगठा पाठवला. पानावर त्या आठवड्यात मी छापलं की गाडी के पिछले हिस्से को लेकर विशेषज्ञों में मतभेद है. विशेषज्ञ म्हणजे खालच्या मजल्यावर बनियनमधले काका. मतभेद करणारा मी.

यानंतर ग्रुपवर काका आणि मी महिनोन्‌महिने भांडलो. ते लिहीत: जाळी रुंद करा, वर सरकवा, पट्ट्या उलट्या झुकवा. मी लिही: डिझायनर मूर्ख नसतात. ते लिहीत: मूर्ख नसतात, घाईत असतात. मला वाटे की ते हे मला सांगताहेत. मी रात्री झोपताना उत्तरं जुळवायचो. टपालपेटीने पत्राला उत्तर द्यावं, तसा तो प्रकार होता.

दिवाळीला सई आली. मला जेवायला बोलावलं होतं. बापलेकीचं बोलणं मला जरा तुटक वाटलं; गाडीवर रोज लिहिणारे काका तिच्यासमोर गाडीचं नावही काढत नव्हते. मी काढलं, तर काकूंनी मला आणखी पुरणपोळी वाढली. मग आमटी पुढे ओढत सई म्हणाली, "बाबा, जाळी वर घेतली तर पाणी आत येईल."

"कुठली जाळी?" काकूंनी विचारलं.

मग काकांनी हातातल्या चमच्याने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे खिडकीच्या वर एक रोशनदान होतं, हवेसाठी सोडलेलं भोक आणि त्यात बसवलेली जुनी जाळी. "ती."

"येऊन येऊन किती येईल?" ते सईला म्हणाले. "वर छोटा छज्जा काढायचा."

"छज्जा काढला की मागून जड दिसतं."

"मागून कोण बघतंय?"

"सगळे मागूनच बघणार, बाबा. पुढून बघायला ती थांबणार कुठे?"

काकू वाढता वाढता थांबल्या. "स्वयंपाकघर कुठे चाललंय?"

त्या क्षणी दोघांचेही चेहरे पडलेले मी पाहिले. बातमीदारीत घालवलेल्या वर्षांचा उपयोग करून मी कारण शोधलं आणि मदतीला धावलो. "काकू, सई बरोबर बोलतेय. मागे गल्ली आहे. येणारे-जाणारे घर मागूनच बघतात. काका, माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे दतिया गेटला. उद्याच पाठवतो."

"नको हो, घाई नाही," काका म्हणाले.

"घाई नाही कशी?" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं धुरात उभी आहे मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री हातोडा घेऊन दारात उभा. "भैया ने भेजा है. कौन-सी दीवार तोड़नी है?"

काकांनी सईकडे पाहिलं, सईने काकांकडे. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. काकूंनी ओट्यावरचे डबे आधीच हलवले होते. मग सईने वडिलांच्या खिशातला खडू काढून घेतला, स्टुलावर चढली आणि छताच्या जरा खाली नव्या जाळीची चौकट आखली. काका खालून म्हणाले, "एवढी वर?" ती म्हणाली, "रुंद नाही करत. फक्त वर घेते." त्यांनी मान हलवली नाही, पण स्टूल घट्ट धरून ठेवलं.

मिस्त्रीने भोक पाडलं, बाहेरून छोटा छज्जा काढला. पट्ट्या पत्र्याच्या, तिरप्या. शेवटची बसवताना तो थांबला. "बिटिया, ये छोटी पड़ रही है. दूसरी काट दूँ?"

"नहीं भैया, उसे छोटी ही रहने दीजिए."

काका एकदम अंगणात गेले. सिमेंटची धूळ डोळ्यात गेली असेल, असं मला वाटलं. मी मिस्त्रीला बजावलं की काम नीट कर, साहब बड़े इंजीनियर हैं. सई जाताना माझे आभार मानून गेली. मी म्हणालो, त्यात काय.

त्यानंतर काकांनी ग्रुपवर जाळीचा विषय काढणं बंद केलं. मी दोन-तीनदा डिवचून पाहिलं, उत्तर नाही. शेवटी मी लिहिलं, 'म्हणजे जाळीवरची चर्चा आता संपली असं समजू या.' सुभेदार साहेबांनी माझं अभिनंदन केलं. बंटीने टाळ्या पाठवल्या. मी नम्रपणे लिहिलं की हा कुणा एकाचा विजय नाही. उन्हाळाभर काका दुपारी स्वयंपाकघरात उदबत्ती घेऊन उभे असत. मला वाटलं, हरल्यापासून देवाधर्माला लागले.

उन्हाळा संपताना गाडी जाहीर झाली. कार्यक्रम दुपारी होता, मी ऑफिसात संगणकावर बघत होतो. स्टिकर निघाले होते. लाल गाडी फिरत्या चौथऱ्यावर हळूहळू वळत होती. नाक आलं, दार आलं, रुंद चाक आलं, आणि मग तिने पाठ दाखवली.

पडद्यावर काकूंचं स्वयंपाकघर होतं. पार वर सरकवलेली जाळी, तिच्यावर छोटा छज्जा, तिरप्या पट्ट्या, आणि शेवटची आखूड.

"क्या हुआ?" शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं.

"ये हमारी रसोई में है," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मोटारींचं पान फार दिवस एकाच माणसाकडे देऊ नये, असं तो पुढे कुणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं.

मी घरी आलो तेव्हा काका काचेच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते. आत काकू फोडणी देत होत्या आणि धूर सरळ वरच्या जाळीतून बाहेर जात होता. ग्रुपवर सगळे निकालाची वाट बघत होते. काका एका बोटाने टाइप करत होते, म्हणून वेळ लागला. मग तो आला:

'दिवे फुली. दारं फुली. मागची चाकं गरजेपेक्षा रुंद, फुली. गाडी परत पाठवा. मागची जाळी पास.'

मग सुभेदार साहेब: 'साहेब, तब्येत बरी आहे ना?' मग बंटी: 'काका जी ने पास किया??'

मग सई: 'शेवटची पट्टी आखूड आहे. ती पण?'

काकांनी फोन मांडीवर ठेवला. चष्मा काढून पुसला, परत घातला. एका बोटाने लिहिलं: 'ती पण.'

मग उठून त्यांनी कपाटाची काच सरकवली, मॉडेल बाहेर काढलं आणि रुमालाने पट्टीवरची फुली पुसायला लागले. इतक्या वर्षांची फुली, ती नीट निघाली नाही. पुसट राहिली. तिच्यावरच त्यांनी बरोबरची खूण केली. ती जरा वाकडी आली. सवय नव्हती.

मी म्हणालो, "काका, मला सांगायचं होतंत. केवढी बातमी होती ही. वर्षभर मी इथे, समोर बसलो होतो."

"संपादक," ते मॉडेल जागेवर ठेवत म्हणाले, "तुम्हाला कळलं असतं तर मिस्त्री आला असता का?"



दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो तर स्कूटरवर नवी फुली होती. ब्रेकवर नाही, चाकावर नाही, आरशावरही नाही. सीटवर होती. मी सीट दाबून पाहिली, शिवण तपासली, खालची कडी पाहिली. सगळं ठीक होतं. काका अंगणात तुळशीला पाणी घालत होते. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी न विचारता फुलीवर बसलो आणि स्कूटर सुरू केली.